ऊन आणि आडोसा

जरा वर बघता का? लाखनीत हमरस्त्याच्या कडेला चार माळ्यांची लाल विटांची इमारत दिसेल. तिच्या दुसऱ्या माळ्यावर, रस्त्याकडच्या बाजूला, भोकाभोकांची एक भिंत आहे. तीच मी. विटांची जाळी बोलतेय.

लोक मला बघून थांबतात. नागपूरहून गाडी घेऊन येतात आणि फोटो काढतात. मी सुंदर आहे असं सगळे म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आता कोणी तसं म्हटलं की मला तोंड लपवावंसं वाटतं. पण जाळीला तोंड लपवायला जागा नसते.

माझी माती तळ्याजवळच्या एका बांधीतली. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. धान कापून झालं की बांधी मोकळी होते आणि मग तिथे विटा पडतात. मला साच्यात घातलं शकुनबाईने. दिवसभर उकिडवी बसून ती चिखलाचे गोळे साच्यात आपटायची, वरून हात फिरवायची आणि साचा उचलायची. माझ्यातल्या एका विटेवर तिच्या चार बोटांचे ठसे आहेत. ती वीट ओली असताना त्यावर बकरीचं पिल्लू पाय देणार होतं, तेव्हा तिने घाईने ती उचलून बाजूला ठेवली होती. मग धानाच्या कोंड्याच्या भट्टीत आम्ही कितीतरी दिवस आतल्या आत धुमसत राहिलो. बाहेर काढल्यावर शकुनबाई आम्हाला एकमेकींवर ठोकून बघायची. टणत्कार आला की म्हणायची, "आता तुले पान्याचा भेव नाही."

पाण्याचं भय खरंच राहिलं नाही. भय कशाचं बाळगायचं ते मला फार उशिरा कळलं.

ज्या जागेवर मी उभी आहे तिथे आधी आनंदरावांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर होतं. आनंदराव एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. त्यांची बायको तुळसाबाई. मोठा मुलगा अश्विन आणि धाकटी मुलगी हर्षा. घर लहानसं होतं, पण मागे आंगण होतं. त्या आंगणात तुळसाबाई मांडीवर सूप घेऊन चाळीस वर्षं बिड्या वळत आली. तेंदूचं पान पत्र्याच्या मापाने कापायचं, त्यात जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोटं आपोआप चालतात असं लोकांना वाटतं, पण पानाची शीर डोळ्याला दिसावी लागते. ट्यूबलाइटमध्ये ती दिसत नाही, उन्हातच दिसते. हर्षाला शिकवलं ते या सुपाने. नागपूरला राहून ती घरांचे नकाशे काढायला शिकली, आर्किटेक्ट झाली.

रस्ता रुंद झाला आणि ट्रक घराच्या भिंतीला घासून जायला लागले, तेव्हा अश्विनने इमारतीचा विषय काढला. सगळे तयार झाले. तुळसाबाई तेवढी होईना. तिचं एकच म्हणणं होतं. आंगणात तिला ऊन मिळत होतं, आणि लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवून बसलं तरी कोणी बघत नव्हतं. वरच्या माळ्यावर गॅलरीत बसली तर सगळा हमरस्ता बघेल, आणि आत बसली तर अंधारात बसावं लागेल.

त्यावर हर्षाने काय केलं ते आनंदराव येईल त्या पाहुण्याला सांगायचे. ती स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी घेऊन आली. आईला दारात आत उभं केलं, चाळणी तिच्या तोंडासमोर धरली, आणि स्वतः उन्हात जाऊन उभी राहिली.

"मी दिसतो का तुले?" हर्षाने विचारलं. आमच्याकडे पोरीबाळीही 'दिसतो', 'देतो' असंच म्हणतात.

"दिसतेस ना. दात काढून राहिलीस."

"मले तू नाही दिसत. आता सांग."

तुळसाबाईने चाळणी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "ऊन अन् आडोसा, दोन्ही देशील?"

"दोन्ही देतो, आई. तुह्या बसाच्या जागेपासूनच नकाशा सुरू करतो."

तुळसाबाईने दुसऱ्या दिवशी कागदावर सही केली. माझा पाया त्या शब्दावर आहे, सिमेंट त्यानंतरचं.

मला बांधलं परसराम मिस्त्रीने. एक वीट ठेवायची, एक जागा सोडायची, वरच्या थरात त्या रिकाम्या जागेवर वीट आणायची. त्याला हे काम सुरुवातीला मुळीच पटलं नाही. "तीस वर्षं भोकं बुजवाले पैसे घेतले, आता भोकं पाडाले घेऊन राहिलो," असं तो सगळ्यांना सांगायचा. रस्त्यावरून जाणारे विचारायचे, विटा कमी पडल्या का आनंदराव? आनंदराव म्हणायचे, हो ना, तुमच्याकडं असतील तर आणून द्या.

पण हर्षाने मला मन लावून घडवलं. मी नऊ इंच जाड आहे. खालून रस्त्यावरून पाहिलं तर माझ्या भोकांतून फक्त छताचा तुकडा दिसतो, आत खाली बसलेलं माणूस दिसत नाही. आतून मात्र सगळा रस्ता दिसतो. ती ओंजळभर चुना घेऊन जमिनीवर रेघा मारायची, हिवाळ्यात ऊन इथपर्यंत येईल, उन्हाळ्यात इथे थांबेल. दिवा लागल्यावर मात्र उलटं होतं, आतलं बाहेर दिसतं. म्हणून तिने माझ्या आतल्या अंगाला बांबूची चटई टांगली. दिवेलागणीला चटई सोडायची, सकाळी गुंडाळायची. एवढंच काम तुळसाबाईला सांगितलं होतं.

दोन वर्षं आम्ही सुखाने राहिलो. मी "आम्ही" म्हणते, कारण ती माझ्याशी बोलायची. सकाळी चटई गुंडाळून सूप घेऊन बसली की माझ्या भोकांतून उन्हाचे चौकोन तिच्या मांडीवर पडायचे. ते चौकोन दिवसभर सरकत जायचे आणि ती त्यांच्या मागे मागे सरकायची. चौथ्या फरशीवर चौकोन आले की भात टाकायची वेळ. खाली साकोलीकडे जाणारे ट्रक, शाळेच्या पोरी, शेजारणींची भांडणं, सगळं ती बघायची आणि मला सांगायची, जसं काही मला दिसतच नव्हतं. तिची बहीण वारली तेव्हा घरातल्या कोणासमोर ती रडली नाही, माझ्याआड बसून रडली. मी कोणाला काही दिसू दिलं नाही.

अश्विनला आईचं बिड्या वळणं आवडत नसे. तो आता गावात चार लोकांत उठबस करत होता, नगरपंचायतीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. पण बाहेरून काही दिसत नाही म्हणून तो गप्प होता. म्हणजे त्याचीही लाज मीच राखत होते. हे तो विसरला.

मग हर्षाला बक्षीस मिळालं. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेने या इमारतीसाठी दिलं, घरात भरपूर उजेड आणि घरच्यांना पुरता आडोसा साधल्याबद्दल. बातमी आली तेव्हा तुळसाबाईने माझ्या एका भोकात कण्हेरीचं फूल खोचलं.

आमच्याकडे कोणाचं काही चांगलं झालं की फ्लेक्स लागतो. दहावीत पास झालं, वाढदिवस आला, नोकरी लागली, की फ्लेक्स. अश्विनने बहिणीसाठी लावला नसता तर लोकांनी नावं ठेवली असती. त्याने गावातला सगळ्यात मोठा फ्लेक्स करून आणला, आणि रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी जागा म्हणून निवडली ती माझीच.

माझ्यात ड्रिलने भोकं पाडून लोखंडी चौकट बसवली. त्यातलं एक भोक शकुनबाईच्या बोटांवरच पडलं. चौकटीवर फ्लेक्स ताणला तेव्हा माझ्या सगळ्या भोकांतलं आभाळ एकदम गेलं. फ्लेक्सवर मध्ये हर्षाचा मोठा फोटो होता, खाली कोपऱ्यात कोट घालून हात जोडलेला अश्विन. आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लाखनीची कन्या, उजेडाची शिल्पकार'.

तुळसाबाई खाली रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि कितीतरी वेळ वर बघत उभी राहिली. शेजारणींना तिने फोटो दाखवला. डोळे पुसत ती वर आली, सूप घेतलं, जागेवर बसली. पान हातात धरलं, डोळ्यांजवळ नेलं. मग उठून ट्यूबलाइट लावला.

"आठ दिवसाची गोष्ट हाय, आई," अश्विन म्हणाला.

चटईचं आता काही काम उरलं नव्हतं. कोणीतरी ती गच्चीवर नेऊन टाकली.

मला काळजी नव्हती. सत्कारासाठी हर्षा येणार होती. ज्या पोरीने एकेका भोकाचं ऊन चुन्याने आखलं, ती हे एक घटकाभर चालू देणार नाही, अशी माझी खात्री होती.

ती आली. फ्लेक्सच्या कडेला एक फट होती, त्यातून मी तिला पाहिलं. गाडीतून उतरून तिने वर बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला. तिला सगळं समजलं होतं, मी शपथेवर सांगते. तेवढ्यात लोक पुढे आले, हार घातले, फ्लेक्सखाली उभं करून फोटो काढले. फोटोत हसावं लागतं. ती हसली.

वर आल्यावर ती माझ्यापाशी आली. एका भोकात हात घातला. कोपरापर्यंतही गेला नाही, फ्लेक्सला लागून थांबला. तुळसाबाई ट्यूबखाली सूप घेऊन बसली होती. लेकीच्या आनंदात तिला काही बोलायचं नव्हतं. "फोटू चांगला आला तुहा," एवढंच ती म्हणाली.

"दादा, हे काढशील ना?" हर्षाने विचारलं.

"इलेक्शन होऊन जाऊ दे. लोक येता-जाता पाहून राहिले. तुहाच फोटो हाय ना त्याच्यावर, माहा एकट्याचा थोडीच हाय."

मी सगळ्या विटांनी कान देऊन ऐकत होते.

"बरं," ती म्हणाली.

एवढाच शब्द. ड्रिलने इतकं दुखलं नव्हतं.

इलेक्शन पुढे गेलं. फ्लेक्स राहिला. फ्लेक्सच्या आणि माझ्या मधे पारवे शिरले, त्यांनी घाण केली. तुळसाबाईचे डोळे पाझरायला लागले. बिड्या गोळा करणारा माणूस तिच्या बिड्या छाटायला लागला, म्हणजे वाईट म्हणून बाजूला काढून मोडायला लागला. चाळीस वर्षांत तिच्या बिड्या कधी छाटात गेल्या नव्हत्या. घरी येऊन तिने कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं.

एक दिवस ती सूप घेऊन जिन्यात जाऊन बसली. तिथे ऊन येतं. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहिलं, आणि संध्याकाळी अश्विन आईसमोर येऊन बसला. तो ओरडला नाही. तो आईवर कधी ओरडत नाही. फक्त म्हणाला, "लोक मले इचारून राहिले, उमेदवाराची माय जिन्यात बिड्या वळते काय म्हणून. तुले काय कमी हाय इथं? काहून करतेस?"

"मले दुसरं येते काय?" तुळसाबाई म्हणाली.

ती आत आली. आता तिच्यासमोर दोनच वाटा होत्या, ऊन हवं तर आडोसा नाही, आडोसा हवा तर ऊन नाही. मी बांधली गेले त्याच्या आधी जिथे ती अडली होती, तिथेच येऊन पुन्हा बसली होती. आणि मी मधे उभी असून नसल्यासारखी.

मग एका दुपारी, अश्विन घरी नसताना, तिने आनंदरावांना खाली रस्त्यापलीकडे उभं केलं आणि स्वतः मोबाइल कानाला लावून माझ्यापाशी बसली. हातात पानं कापायची कैची. फ्लेक्स आतून नुसता पांढरा दिसतो. कोणत्या भोकासमोर बाहेर काय आहे ते तिला कळत नव्हतं. तिने एका भोकातून कैचीच्या टोकाने फ्लेक्सला ढोसलं.

"इथं काय हाय, पाहा बरं."

"कपाळ," आनंदराव म्हणाले. "पोरीचं कपाळ हाय, तिथं नोको."

"मंग?"

"खाली घे. खाली, खाली. अजून येऊ दे." बस मागे घेताना ड्रायव्हरला सांगायचे तसे ते हात हलवून सांगत होते. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. "डावीकडं घे. येऊ दे, येऊ दे. थांब! ते अक्षर हाय, 'उजेडाची' मधला जे."

"राहू द्या, तिच्या नावाचं काही नोको कापाले. अजून खाली?"

"खाली अश्विन हाय."

तुळसाबाई थांबली. "तोंड का?"

"तोंड नाही. कोट."

"कोट चालते," ती म्हणाली, आणि कैची चालवली.

विटेएवढा एक तुकडा पडला. ऊन आत आलं. एकच चौकोन, पण तो थेट तिच्या सुपात पडला. तिने त्यात पान धरलं आणि शीर पाहून हसली. आनंदराव वर आले तेव्हा ती वळत बसली होती. त्यांनी खुर्ची आणून तिच्याजवळ ठेवली आणि तेही बसले. मला वाटलं, हेही चालेल. एका भोकावरही मी संसार करीन.

पण दिवेलागण झाली आणि चटई गच्चीवर होती. तुळसाबाईने नेहमीसारखा ट्यूबलाइट लावला. बाहेर अंधारत चाललं होतं, आणि उमेदवाराच्या कोटात, बरोबर पोटाच्या जागी, एक पांढरा चौकोन झगझगायला लागला. पानठेल्यावरच्या लोकांना दुसरं काय पाहिजे? अश्विनभाऊच्या पोटात काय आहे ते आज दिसलं म्हणे. अर्ध्या तासात फोटो सगळ्या गावाच्या मोबाइलवर गेला.

अश्विन घरी आला, आईच्या हातातली कैची पाहिली. फोन काढून त्याने हर्षाला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. झालेलं सांगितलं. म्हणाला, ही जाळी आता बुजवून टाकतो, तुझं काय म्हणणं आहे?

मी वाट बघितली. तुळसाबाईनेही बघितली. तिने मान फोनकडे केली होती.

"दादा, समोरून काही बदलू नको," हर्षाचा आवाज आला. "त्या बाजूचे फोटो पुस्तकात येणार आहेत. आतून काय करायचं ते कर."

तुळसाबाईने सुपातली पानं ओल्या फडक्यात गुंडाळायला घेतली. एकेक पान सरळ करून ठेवत होती. फोन बंद झाल्यावरही तिचं ते काम बराच वेळ चाललं.

बुजवायला परसरामच आला. घमेलं खाली ठेवून तो तसाच उभा राहिला. "जयभीम, आनंदराव," म्हणाला. मग तुळसाबाईकडे वळून म्हणाला, "बाई, मी हसलो होतो हिले बांधताना. आता बुजवाले हात नाही उचलून राहिला."

"बुजव बापा. तुहा काय दोस."

त्याने माझ्या आतल्या अंगाला विटांचे तुकडे आणि कालवलेल्या सिमेंटचा गारा भरला, वरून गिलावा केला. वाळल्यावर त्यावर फिकट पिवळा रंग दिला. आता आतून बघणाऱ्याला तिथे नुसती भिंत दिसते. अश्विनने तिच्यावर घड्याळ टांगलं आहे. पूर्वी तिथे घड्याळाची गरज नव्हती.

महिन्याभरात तुळसाबाई सूप आणि कैची घेऊन भावाकडे, बपेऱ्याला गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेली. आनंदराव पंधरा दिवसांनी एसटीने तिच्याकडे जाऊन येतात, आणि आल्यावर खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसतात. मधे गिलावा असला तरी मला ऐकू येतं. ती बरी आहे म्हणतात. आंगणात दोरीवर जुनं लुगडं टाकते, त्याच्या आड उन्हात बसते. बिड्या छाटात जात नाहीत. परत कधी येते असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "तिथं कोठं बसू?"

अश्विन निवडून आला. वैशाखाच्या वावटळीत फ्लेक्स फाटला, चौकटही उतरवली. आता माझ्या भोकांवर पुन्हा ऊन पडतं, आणि टीचभर आत येऊन थांबतं.

मागच्या महिन्यात हर्षा, आता ती शिकवते त्या कॉलेजची मुलं घेऊन आली होती. रस्त्यापलीकडे उभी राहून ती त्यांना समजावून सांगत होती, भोकं किती खोल ठेवली, का ठेवली. एका मुलीने विचारलं, वर जाऊन आतून बघता येईल का? हर्षाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. आतमध्ये माझी आई बसते. तिचा आडोसा आहे तो."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वहीत लिहून घेतलं.

मी ओरडले असते. पण मला तोंडं इतकी असून आवाज नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही कधी या रस्त्याने गेलात आणि मी आवडले, तर खालून फोटो काढून जाऊ नका. वर या. आनंदराव दार उघडतील, ते कोणाला नाही म्हणत नाहीत. जिन्याच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला, माझी कडेची एक रांग हाताला लागते. तिथे एका विटेवर तीन बोटांचे ठसे आहेत, चौथं ड्रिलने गेलं. त्याच्या शेजारच्या भोकात हात घाला.

मनगटापर्यंत जाईल. तिथून पुढे तुळसाबाईची जागा होती.